बंदराचा पडदा

लढाई संपली त्या साली नगरच्या एका नाटक कंपनीला बंदराचा पडदा हवा होता. मालक गोरक्षशेठने मुंबईच्या राजाध्यक्ष पेंटरकडून तो रंगवून आणला. होड्या, शिडं, वाळत घातलेली जाळी आणि नजर पोचेल तिथवर पाणी.

घोडेगावच्या बाजारात बैलांची शिंगं रंगवून हात बसलेल्या, कंपनीतल्याच हैदर पेंटरने उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. त्याने पडदा पाहून नाक मुरडलं.

"एवढं पानी, आन् काठाला घागर घेतलेली एक बाई न्हाई. कसली आळशी मानसं काढलीत ही."

मग त्याने स्वतःच एक पडदा रंगवला. होड्या दोनच, पण काठावर घागरी भरणाऱ्या बायांची ही रांग, आणि शेजारी पाणी पिणारी बैलजोडी. अख्खी कंपनी पोट धरून हसली. शेवटी शेठने त्याला मुंबईला नेऊन समुद्रापुढे उभं केलं.

"घे, पिऊन बघ."

हैदरने ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थू थू करत थुंकलं.

"आता तरी त्या बाया पुसशील ना?"



"शेठ, पानी नासवलं ह्या मुंबईवाल्यांनी, आन् बाया म्या पुसायच्या व्हय?"