एका पातेल्यातला रंग

इन्साफने साठच्या साठ साबणवड्या टेबलावर ओतल्या, एक उचलली आणि सुरीने तिचे चार तुकडे केले. वड्या बाळाच्या पावलाच्या आकाराच्या होत्या, फिक्या निळ्या.

हज्जा फिक्रिया स्वयंपाकघराच्या दारातच थांबल्या. दोन महिन्यांपूर्वी या वड्या त्यांनीच करायला सांगितल्या होत्या. नातूच होणार अशी त्यांची खात्री होती. सहा दिवसांपूर्वी त्यांच्या सुनेला, म्हणजे इन्साफच्या धाकट्या बहिणीला, मुलगी झाली.

"कापतेस कशाला?"

"वितळवायला. उद्या बाळाच्या सातव्या दिवसाचा सोहळा. पाहुण्यांच्या हातावर काहीतरी ठेवायला हवं ना."

"तेच बोलायला आले होते." हज्जांनी खुर्ची ओढली आणि पर्स मांडीवर घेतली. "उद्याचं घरातल्या घरात उरकू. चार माणसं बोलावू. रबाब दमलीय बिचारी."

रबाब खिडकीशी बाळाला पाजत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"रबाब, दमलीस का गं?" इन्साफने सुरी न थांबवता विचारलं.

"नाही."

"दमली नाही म्हणते, हज्जा."

इन्साफने गॅसवर पाण्याचं भांडं चढवलं, त्यात पातेलं ठेवलं आणि निळे तुकडे मुठीमुठीने आत सोडले. पाणी उकळायला लागताच तिने आच अगदी बारीक केली.

"निळ्याचं गुलाबी होणार आहे थोडंच," हज्जा म्हणाल्या.

"गुलाबी कोण करतंय?"

"मग?"

"बघाल."

तुकड्यांच्या कडा विरघळू लागल्या. हज्जांना गप्प बसवेना. "मी स्वप्नात त्याला मांडीवर घेतलं होतं. असं, या हातावर. अजून आठवतंय."

"तोंड पाहिलंत?"

हज्जांनी विचार केला. "तोंड नाही पाहिलं. दुपट्यात होतं."

"मग मांडीवर बाळ होतं एवढं खरं. बाकीचं तुम्ही पदरचं घातलंत."

खिडकीपाशी रबाब हसली. सहा दिवसांत ती पहिल्यांदाच हसत होती. हज्जांनी तिच्याकडे वळून पाहिलं आणि पर्सची चेन उगाच उघडून बंद केली.

इन्साफने वाटीत चमचाभर ग्लिसरीन घेतलं, त्यात लाल पूड टाकली आणि चमच्याच्या पाठीने ती घोटत राहिली.

"एवढं घोटत काय बसलीस? टाक सरळ पातेल्यात."

"कोरडी टाकली की गुठळ्या होतात. एक वडी ठिपक्यांची, एक गडद, एक फिकी. बायका ताटातून निवडून उचलतात, हज्जा. फिकी जिच्या वाट्याला येते, तिच्या ते लक्षात राहतं."

पातेलं उतरवून तिने साबण थोडा निवू दिला. मग लाल रंग थेंबाथेंबाने सोडू लागली. पहिल्या थेंबांनी निळ्यावर लालसर रेघा उमटल्या आणि तशाच तरंगत राहिल्या. हज्जांनी तोंड वाकडं केलं.

"हे बघ. डागाळलं."

"अजून ढवळलं कुठंय? इकडे या. माझे दोन्ही हात गुंतलेत. मी रंग सोडते, तुम्ही ढवळा. वरवर नको, तळापासून. आणि सावकाश, नाहीतर फेस येतो."

"मला शिकवतेस? चाळीस वर्षं मुलूखियाची पातळ भाजी ढवळतेय मी." पण हज्जा उठल्या. पर्स खुर्चीवर राहिली. त्यांनी बाह्या सारल्या, पळी तळाला टेकवली आणि संथपणे वळवू लागल्या. हात सराईत होता. रेघा लांबल्या, बारीक झाल्या, मग दिसेनाशा झाल्या. निळा गेला. लसणाच्या पाकळीवर असतो तसा कोवळा जांभळा वर आला.

"कडेचं राहिलंय," इन्साफ म्हणाली.

"दिसतंय मला."

इन्साफने पांढरी बशी घेतली. एक थेंब वरून घेऊन तिच्यावर टाकला, एक पळीने तळातून काढून त्याच्याशेजारी टाकला. दोघी वाकून थेंब गोठायची वाट पाहत राहिल्या. रबाबही बाळाला खांद्यावर घेऊन जवळ आली.

दोन्ही थेंब गोठले. कोणता वरचा, कोणता खालचा, सांगता आलं नसतं.

"छान आहे," रबाब म्हणाली.

हज्जांनी बोटाने एक थेंब हलकेच दाबून पाहिला. बाळाने जांभई दिली, तेव्हा मात्र त्या त्याच्याकडे बघत राहिल्या, पळी हातातच होती.

इन्साफने साचे ओळीने मांडले आणि पातेलं उचललं. "ओतते आता. साठ भरतील. एकदा ओतलं की हाच रंग मला पुन्हा जमायचा नाही, तेव्हा पुरतील ना, ते आत्ताच सांगा."

हज्जांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मधेच थांबल्या, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग पातेल्याच्या कडेवर हात ठेवून त्यांनी ते खाली ठेवायला लावलं.

"अजून वीस वड्यांपुरता साबण घाल यात," त्या म्हणाल्या. "आमच्या बिल्डिंगमध्ये नात झाल्याचं मी अजून कुणाला सांगितलेलं नाहीये."