चौथं कव्हर

प्रभुलिंगनं स्वतः लिहून गायलेले अल्बम तीनच. पहिला आई गेल्यावर, दुसरा धाकटा भाऊ गेल्यावर आणि तिसरा बायको गेल्यावर. त्यालाही आता आठ वर्षं झाली. पण शाहूपुरीतले त्याचे चाहते दर रविवारी त्यांच्यातल्याच जिनेशच्या दुकानावरच्या खोलीत जमायचे, तीच गाणी नव्या चालीत बसवायचे आणि अल्बमची कव्हरंसुद्धा नव्यानं करायचे.

परवाच्या रविवारी त्यांनी बोलावलं म्हणून प्रभुलिंग पहिल्यांदाच तिथं गेला. गाणी ऐकून त्याचे डोळे भरून आले.

"सर, नवीन अल्बम कधी?" सोनलनं विचारलं.

"आता सुचतच न्हाय गं," तो हसत म्हणाला. "पोरगी सातवीत गेली, आमी दोघं मजेत हाय. रडू आल्याशिवाय मला गाणं येत न्हाय की."

कुणीच हसलं नाही.

निघताना त्याची नजर भिंतीवर गेली. तिथं त्यांनी केलेली तीन कव्हरं लावली होती. आई, भाऊ आणि बायको, तिघांच्याही फोटोला हार. शेजारी चौथं कव्हर होतं. त्यावर शाळेच्या गणवेशातली त्याची लेक होती. हार तेवढा अजून नव्हता.

"हिचा फोटो कुणी काढला?" त्यानं गर्रकन वळून विचारलं.

त्या चाहत्यांपैकीच एक, खाकी शर्टातला रुद्राप्पा, दारात आडवा उभा होता.



"मीच की सर. माझ्याच रिक्षातनं शाळंला जाती न्हवं ती? उद्या बी मीच न्हेणार हाय."