सेवा घरपोच

"रुग्ण बरा होतो तो आपल्या घरी, आपल्या माणसांत," नागपूरहून आलेले साहेब म्हणाले. "आता सगळीकडे हाच आधुनिक विचार आहे. तेव्हा हे केंद्र बंद करून आपण सेवा थेट घरी नेऊ. कर्मचाऱ्यांनी मोकळेपणानं मत द्यावं."

चांद्यापासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा अजून नवाच होता. आधुनिकता तर आजच जीपमधून उतरली होती. या केंद्रात मनोरुग्ण सकाळी येत, संध्याकाळी घरी जात. मधल्या वेळात बांबूच्या टोपल्या विणत. गिरजाबाई विणत नसे. ती चालायची. फाटकापासून विहिरीपर्यंत, विहिरीपासून फाटकापर्यंत. साहेबांचं भाषण चालू असताना एकदा आत आली, त्यांचा चहा प्यायली आणि पुन्हा चालायला लागली.

कारकून गुणवंतरावांना विचार एकदम पटला. खोली रिकामी झाली की त्यांच्या टेबलाला खिडकी मिळणार होती. ड्रायव्हर इस्तारीलाही पटला. रुग्ण जीपमध्ये गाणी म्हणत, साहेब लोक म्हणत नसत. आधुनिकतेला एवढा पाठिंबा साहेबांनी नागपुरातही पाहिला नव्हता.

मदतनीस प्रेमिला तेवढी म्हणाली, "मले नाई पटत."

"पगारात सासू सांभाळून होते ना बाई, ते बंद होईन!" इस्तारी हसला. गिरजाबाई प्रेमिलाची सासू. दोघी रोज बरोबरच यायच्या.

साहेब हसले नाहीत. सज्जन गृहस्थ होते. "नोकरी कुणाचीच जाणार नाही, बाई. उलट तुम्हाला बढती देऊ. गावोगाव हिंडून घरच्यांना समजवायचं. इकडे रुग्णाला खांबाला बांधून ठेवतात. ते थांबलं पाहिजे."

"मी हिंडाले गेली तं सासू कुठी राहीन?"

"घरी. आपल्या माणसांत."

"घरी मी एकटीच हावो, साहेब. दुसरं कोणी नाई."

बाहेर गिरजाबाई फाटकाशी पोचली. प्रेमिला बोलायची थांबून तिकडे पाहू लागली. सासू मागे वळली, तेव्हा प्रेमिलानं पुन्हा साहेबांकडे पाहिलं.

"माहा डोळा लागला का हे जंगलाकडं निघते. रातचं मीच तिले खांबाले बांधतो. आता दिवसाबी बांधा लागन."