तिसऱ्या घराचा परवाना

सुनीतीने पाण्याचा तांब्या पुढे केला, तेव्हा अप्पा हात जोडून म्हणाले, "उगाच त्रास घेतलात, बाई. घर कुणाचं म्हणायचं हे?"

वडिलांच्या या प्रश्नावर ती भावाकडे, प्रभंजनकडे वळली. अप्पांच्या आठवणी आता डेटाबेसमध्ये होत्या. ज्या घरासाठी परवाना घेऊन सर्व्हर बसवलेला असे, तिथेच त्या आठवणी कानामागच्या चिपमधून त्यांना मिळत. बाहेर सगळं कोरं.

"सर्व्हर कुठेकुठे बसवलास, दादा?"

"माझ्याकडे. आणि धाकट्या विलासकडे."

ती पानं घ्यायला आत वळली. प्रभंजनला मात्र स्वतःचेच शब्द आठवले. बसवायला आलेल्या माणसाने आणखी घरं आहेत का विचारलं, तेव्हा तो ऐटीत म्हणाला होता, "बहीण आहे, पण लेकीच्या घरी मुक्काम करत नाहीत आमच्यात."

सुनीतीने पाहुण्याला वाढावं तसं अदबीने अप्पांना वाढलं. ते पोटभर जेवले आणि अन्नदात्रीला आशीर्वाद देऊन निघाले.

प्रभंजनच्या घराचा उंबरा ओलांडताच त्यांचे डोळे उजळले.

"अरे, आज सुनीतीकडे जायचंय ना? मी केव्हाचा तयार आहे."

प्रभंजन वाकून अप्पांच्या चपलांचे बंद सोडवत राहिला. मान वर करायचा धीर त्याला झाला नाही.