माहेरची बाजू

शहात्तर साली माझ्या लेकाच्या, हिरालालच्या हातापायांच्या कळा थांबेनात, म्हणून वांग्याचा तोडा तसाच टाकून आम्ही त्याला अनसिंगहून नागपूरला नेलं. सोबत सासूबाई आणि माझी आई होती. "तुह्या माहेरचाच दोष हाये," असं सासूबाई वाटभर म्हणत होत्या.

डॉक्टर म्हणाले, "याच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांच्या भिंतींना चिकटतात. रक्त अडलं की कळा येतात. घरात आणखी कुणाला होतं?"

सासूबाई एकदम रडायला लागल्या. "माही पोरगी असीच तडफडून गेली. लोकाईले सांगतलं, साप डसला."

मी उसळले, "मंग सोयरीक करताना काहून नाही सांगतलं? माह्या लेकराच्या जिवावर उठल्या तुमी!"

"थांबा बाई," डॉक्टर म्हणाले. "हे आईबाप दोघांकडून आलं, तरच इतका त्रास होतो."

मी भरवशाने आईकडे वळले. "माय, तू सांग यायले. आपल्याकडे होतं का असं कोनाले?"

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. पदराने सासूबाईंचे डोळे पुसत ती म्हणाली, "रडू नोका, इहीनबाई. हिच्या आंधीचे माहे दोन असेच गेले."