छापलंय तसं

"बाबा, हा माणूस अजून नदीतच आहे," पान उलटत ती म्हणाली. "एवढी पानं झाली, नुसता गाळ उपसतोय. घरी काय चाललंय, त्याचा पत्ता नाही."

"उपसू दे. आपल्याला कुठं कामावर जायचंय?" सासरे म्हणाले.

"तुम्हाला नसेल. मला जायचंय."

मांडीवरचं बाळ चुळबुळलं. तिने पाय हलवत ठेवले. बाळ झोपल्यापासून ती छापखान्यात निघेपर्यंतचा वेळ या कादंबरीचा. सासऱ्यांची नजर गेली होती, त्यांना वाचून दाखवायच्या सासूबाई. त्यांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. आता वाचणं हिच्याकडे आलं होतं.

कादंबरी म्हणजे डोक्याला ताप. वाक्य एकदा सुरू झालं की संपायचं नाव नाही. खटला पाच प्रकरणं चालतो आणि निकाल सांगायचाच राहतो. लेखकाची माया माणसांपेक्षा नदीवर. दुसरं काहीतरी घेऊ या, असं तिने सुचवूनही पाहिलं होतं.

"वाईट आहेच गं," सासरे कबूल करायचे, "पण सोडवत नाही. चल पुढे."

खरं तर तिलाही सोडवत नव्हती. कादंबरीतल्या दोन जावांपैकी थोरली तापाने गेली, ते वाचताना हिच्याच हुंदक्याने बाळ जागं झालं होतं.

आज सासरे सकाळपासून तयार होऊन बसले होते. दाढी केलेली, धुतलेला सदरा अंगात.

"कुणी यायचंय का बाबा?"

"तू वाच."

नदी एकदाची संपली. घर आलं. तिन्हीसांजेला थोरलीचा नवरा ओसरीवर एकटाच बसला होता. तिची नजर पुढच्या ओळीवर गेली आणि तिने मनातल्या मनात कपाळावर हात मारला. लेखक चक्क विसरला होता. स्वतःच्या हाताने मारलेली बाई त्याने खुशाल घरात आणली होती. ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. चूक दिसली की तिचा हात राहत नसे, इथे जीभ राहिली नाही.

"तेवढ्यात धाकटी बाहेर आली," तिने वाचलं.

"कोण आली?"

"धाकटी."

"नाही." सासऱ्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "काय छापलंय?"

"अहो, चूक आहे ती. थोरली छापलंय. ती तर मागेच गेली ना! एवढं मोठं बाड, लिहिता लिहिता विसरला असेल बिचारा."

"माहितेय मला. जन्मभर हसलोय आम्ही त्या चुकीला. ही म्हणायची, बघा, मेल्यावरसुद्धा बाईची कामातून सुटका नाही." हसू त्यांच्या ओठांवर आलं, पण टिकलं नाही. "त्याच्यासाठी ती सगळी नदी ऐकली मी. नको गं दुरुस्त करूस. छापलंय तसं वाच."

तिने ओळीवर बोट ठेवलं आणि घसा साफ केला. एरवी ती भराभर वाचायची; आता एकेक शब्द सावकाश ठेवत गेली.

"तेवढ्यात थोरली बाहेर आली. पदराला हात पुसत म्हणाली, अहो, अंधारात काय बसलात? हाक नाही का मारायची?"

सासऱ्यांनी मान दाराकडे वळवली होती. पान तिथेच संपत होतं. तिने कोपरा चिमटीत धरला.

"थांब," ते हलकेच म्हणाले. "उलटू नकोस एवढ्यात. पुढच्या पानावर ती नाही."