पेठेची बस

"मामा, शहरातून घेतलेली ही बांगडी अडकलीय बघा. न वाढवता काढून द्या की!" शेजारच्या सरूने मनगट पुढे केलं.

कासारमामांनी घराच्या ओसरीवरच तिच्या हाताला साबण लावला. याच मनगटात त्यांनी तिचा लग्नचुडा भरला होता. दोन वर्षांपूर्वी पेठेत दुकानोदुकानी तेच फिरले होते. "शंभराच्या विक्रीमागे रुपयाभर कर सोसा. त्या करातून बस येईल, बसमधून गिऱ्हाईक येईल," असं सांगून त्यांनी सगळ्यांना राजी केलं. पहिल्या बसपुढे नारळही त्यांनीच फोडला. पण बस शहरातून रिकामी यायची आणि पेठेतलं गिऱ्हाईक भरून घेऊन जायची. आज सकाळी मामांनी गुपचूप उरलासुरला माल फेरीवाल्याला विकला. संध्याकाळी दुकानाची किल्ली जागामालकाला परत द्यायची होती. सोमवारपासून त्याच बसने शहरात जाऊन ते दुसऱ्याच्या दुकानात बांगड्या भरणार होते.

"बरं, कळलं का? रविवारपासून बस बंद!" सरू म्हणाली. "कंडक्टरच सांगत होता. पेठेत विक्रीच उरली नाही, मग कर कुठून जमणार आणि बस कशावर चालणार?"

मामांची बोटं थांबली.

"तोंड कशाला पाडता? तुमची तर चंगळ झाली. आता आम्ही बाया जाणार कुठे? सगळ्या तुमच्याकडेच येणार. ही काढा, आणि भरा डझनभर हिरव्या!"

पन्नास वर्षांत पहिल्यांदाच मामांच्या हातात बांगडी वाढली.